हौदातलं लाकूड

पेल्यातलं पाणी उतरलं होतं. तळाशी बसलेला लाकडाचा तुकडा – काळपट हिरवा, आगपेटीएवढा – त्याच्यावर एरवी चांगलं चार बोटं पाणी असायचं, आज जेमतेम बोटभर उरलं होतं, आणि आधी ते जिथवर होतं तिथं काचेवर एक पांढुरकी रेघ राहिली होती... हेमचंद्र त्या रेघेकडे बघत बसला. हा पेला टेबलावर कित्येक वर्षं होता. कारखान्यात नवा माणूस आला की हेमचंद्र तुकडा बाहेर काढायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, टाका पाण्यात. लाकूड म्हणजे तरंगणारच, अशा भरवशानं तो माणूस टाकायचा, आणि तुकडा सरळ तळ गाठायचा. मग तोंडं बघण्यासारखी व्हायची. कडूबाचंही झालं होतं. "मालक, ह्ये लाकूड हाय का लोखंड?" – आणि तो हसला होता, ते त्याचं मोठं, मोकळं हसणं, जे हल्ली रस्त्यापलीकडच्या त्याच्या स्वतःच्या शेडमधून ऐकू यायचं आणि सोमवारपासून येत नव्हतं. कडूबा मुंबईला गेला होता. गोदीत. जिथं दर वर्षी हेमचंद्रानं जायचं, तिथं.

पेल्यातलं इतकं उतरलं तर मागच्या हौदातलं किती उतरलं असेल – हा विचार त्याला आला. विचार आला आणि तो उठला नाही.

औरंगाबादला समुद्र नाही. नदी आहे, पण खामला पाणी आलं तर लोक पुलावर बघायला जमतात. अशा गावात, चिकलठाण्याच्या वसाहतीत, पत्र्याच्या शेडखाली कुणी जहाजाचं काम करतो म्हटलं की ऐकणारा आधी हेमचंद्राच्या तोंडाकडे बघायचा. पण काम खरं होतं. जहाजाचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा बुडातून बाहेर पडतो, आणि त्या भोकात दांड्याभोवती ह्या लाकडाच्या लांब पट्ट्या बसवतात. परदेशातून येणारं, आतून तेलकट असं हे लाकूड, गोदीतले लोक त्याला नुसतं लिग्नम म्हणतात. समुद्राचं पाणीच त्याचं वंगण. एकच पथ्य – ते ओलं राहिलं पाहिजे. ओंडका चिरून पट्ट्या काढल्या की त्या थेट जहाजात बसेपर्यंत पाण्याखाली. मध्येच उघड्या पडल्या, कोरडं वारं लागलं, की तडकतात. आणि मराठवाड्यातल्या वैशाखाच्या वाऱ्याबद्दल काही सांगायची गरज नाही.

म्हणून शेडच्या मागे हा सिमेंटचा हौद. त्याला हेमचंद्राशिवाय कुणी हात लावायचा नाही हा नियमच होता. एका कामगारानं उन्हाळ्यात त्यात पाय बुडवले म्हणून त्यानं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवलं होतं. रोज संध्याकाळी तो स्वतः नळी धरून हौद काठोकाठ भरायचा, मग बाही वर करून हात आत घालायचा आणि एकेका पट्टीवरून बोट फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, असं तो कडूबाला सांगायचा, आणि कडूबा शेजारी उभा राहून, मान हलवत, ऐकायचा. ह्या वर्षी त्या हौदात हेमचंद्राचं लाकूड नव्हतं. कडूबाचं होतं.

हे कसं झालं ते हेमचंद्रानं मनाशी इतक्यांदा घोळवलं होतं की त्यातले शब्द आता झिजले होते. पौषात एके दिवशी कडूबा आला, चहा पिता पिता म्हणाला, "मालक, औंदा गोदीची निविदा मीबी भरू का? तुमच्याम्होरं माझं काय निघणार, पर भरून बघतो." आणि हेमचंद्र म्हणाला, "भर की." काय तो थाट होता 'भर की' म्हणण्यातला! आपल्या पानावर कुणी हात घालूच शकत नाही अशा खात्रीनं माणूस शेजाऱ्याला बस म्हणतो, तसं. सरकारी काम, ज्याचा दर कमी त्याचं. निविदा उघडल्या, साहेबानं नाव वाचलं, आणि वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव हेमचंद्र वैजापूरकर नव्हतं... हेमचंद्रानं तिथंच कडूबाला पेढा भरवला होता. ओठात एक, पोटात एक. पेढा भरवताना त्याला वाटलं होतं की आपल्या पोटातलं सगळ्यांना दिसतंय. कुणालाच दिसलं नव्हतं.

मग चैत्रात कडूबाची बोअर आटली. तो टेंपोत पट्ट्या घालून, वर ओली गोणपाटं टाकून, संध्याकाळचा दारात उभा. "मालक, तुमचा हौद मोकळाच हाय. ठिवू का?" मोकळाच हाय! त्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे हेमचंद्रालाही कळत होतं, आणि तरी तो शब्द आत जाऊन बसला तो बसलाच. "ठेव की, त्यात विचारायचं काय," हेमचंद्र म्हणाला. सोमवारी गाडीला जाताना कडूबा पुन्हा येऊन गेला – दांड्याची मापं घेऊन शनिवारी परततो, रविवारी लाकूड घेऊन जातो, तेवढं पाण्याकडं बघा. तो पाया पडला आणि गेला.

"मालक." दारात फकिरा उभा होता, वॉचमन, डोक्याला पंचा गुंडाळलेला. "हौदातली वरली पट्टी उघडी पडाया लागलीय. वसाहतीचा नळ कालधरनं नाय, अन् आपली बोर नुसती खोकतीय. जालना रोडला सांडूचा टँकर हुभा हाय. सांगू का?"

"बघू."

"बघू म्हंजी..."

"दुपारी सांगतो. तू जा."

फकिरा गेला नाही, थोडा वेळ तिथंच पायानं पाय खाजवत राहिला. हौदाला हात लावायचा नाही हा नियम त्याला ठाऊक होता, लाकूड कुणाचं तेही ठाऊक होतं. मग गेला. हेमचंद्रानं समोरचा कागद ओढला, एका पंपाच्या बुशचं – आतल्या दांड्याभोवती बसणाऱ्या कड्याचं – चित्र होतं, त्यावरची मापं वाचली, पुन्हा वाचली. एक टँकर सांगायला कितीसा वेळ लागतो. मी काय नाही म्हटलं का? मी दुपारी सांगतो म्हटलं. दुपारी सांगणारच आहे.

जेवायला तो उस्मानपुऱ्याला घरी जायचा. लॅम्ब्रेटा काढली आणि फाटकातून उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला, वसाहतीच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं, खड्ड्यांतून. उजवीकडे कडूबाची शेड होती, तिच्यावर नवी पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि कोपऱ्यात रंगाऱ्यानं स्वतःच्या हौसेनं एक जहाज काढलं होतं, त्याला शिडं होती. शिडाचं जहाज! हेमचंद्र ती पाटी पाहून मनात हसला होता, एकदाच. त्यानंतर तो मागच्या रस्त्यानंच जायचा.

...वडीलही असेच जायचे. निजामाच्या अमदानीत तहसिलात कारकून, उर्दू अक्षर असं की तहसीलदार कागद वर धरून दाखवायचे. पोलीस ॲक्शन झाली, दफ्तराची भाषा फिरली, आणि ज्या बद्रीनाथला वडिलांनीच हात धरून नोकरीला चिकटवलं होतं तो इंग्रजी-मराठीच्या जोरावर त्यांच्या डोक्यावर हेडक्लार्क झाला. बद्रीनाथ काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचा. वडील ते ताट परतही करायचे नाहीत आणि त्यातलं खायचेही नाहीत, आणि गुलमंडीवर त्याचं घर म्हणून लांबच्या गल्लीनं कचेरीत जायचे, उन्हातान्हात, छत्री घेऊन. हेमचंद्र तेव्हा वयात आलेला होता. त्याला बापाची कीव आली होती, थोडी किळसही. असं मन घेऊन जगायचं नाही म्हणून तो मुंबईला निघून गेला, गोदीत उमेदवारी केली, हे लाकूड शिकला, वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते शिकलेलं घेऊन परत आला... आणि आता लॅम्ब्रेटा खड्ड्यात आदळली, आणि त्याला वाटलं, छत्री तेवढी राहिलीय.

बायकोनं, सरोजिनीनं, पान वाढलं. कोशिंबिरीत कैरी होती. "आवडाबाई येऊन गेली सकाळी," ती म्हणाली. आवडाबाई म्हणजे कडूबाची बायको. "पाटीभर कैऱ्या देऊन गेली. म्हणाली, ह्यांनी मुंबईला जाताना सांगितलंय, लाकूड मालकाच्या हौदात हाय, आता कसला घोर नाय."

हेमचंद्र जेवत राहिला.

"बरं वाटलं हो ऐकून. तुम्हीच शिकवलंत त्याला. तुमचाच मान आहे तो."

हा मान गेले चार महिने जो तो त्याच्या गळ्यात घालत होता. बँकेत, लग्नात, न्हाव्याकडे... तुमचाच चेला ना? वा! शिष्य असावा तर असा. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची. म्हणणाऱ्याला काय जातंय. पोटात दुखतं ते ज्याचं त्याला, आणि त्यावर ओवा चालत नाही. त्याला एकदम ओरडून सांगावंसं वाटलं, सरोज, मला त्याचं बरं बघवत नाही, मला त्याचं हसणंसुद्धा बघवत नाही – आणि तो म्हणाला, "कैरी आंबट आहे."

"कैरी आंबटच असते. आज नळ चांगला आला होता, दोन्ही पिंपं भरून ठेवलीत. आंघोळ करायची असेल तर करून घ्या, केवढे तापलात."

पिंपं दारामागेच होती. काठापर्यंत भरलेली, वर ताटल्या झाकलेल्या. त्यानं एक ताटली उगाच उचलून पाहिली आणि परत ठेवली.

कडूबाच्या आधी त्याच्या आईची, साळूबाईची, मुलं जगायची नाहीत. हा जगावा, कुणाची नजर लागू नये म्हणून तिनं त्याचं नाव कडू ठेवलं. हे तिनंच सांगितलं होतं, पोराला कामावर ठेवून घ्या म्हणून घेऊन आली होती तेव्हा. त्यांचं रान वसाहतीत गेलं होतं आणि आता तिथंच कुठंतरी लेथ फिरत होती. "लई नवसाचं हाय, मालक. नजर ठिवा त्याच्यावर," असं म्हणाली होती म्हातारी. हेमचंद्रानं ठेवली होती. आपल्याला मूल नाही हे तेव्हा त्याच्या मनात आलं होतं का? आलं असावं. हौदापाशी त्याचा हात धरून पट्टीवर ठेवला होता, असं फिरव, दाबू नको, नुसतं फिरव... इतकं सगळं दिलं ते त्यानं माझ्याच जागी उभं राहावं म्हणून नव्हतं दिलं. मग कशासाठी दिलं होतं?

तीनच्या सुमारास फोन वाजला. ट्रंक कॉल. ऑपरेटर म्हणाली, मुंबई, बोला.

"मालक, कडूबा बोलतोय. आवाज येतोय का?"

"येतोय. बोल."

"मालक, आज खाली उतरलो व्हतो. पानी उपसलेल्या गोदीच्या पार तळाला, जहाजाच्या बुडाखाली. तुम्ही सांगायचे ना, तसंच हाय समदं. ठोकळ्यावर बसलेलं, अन् वर बघावं तर आभाळ नाय, नुसतं जहाज. पर येक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नव्हती."

"काय?"

"वास. शिंपल्याचा, शेवाळाचा, कसला कसला. तिथं हुभं राहिलं की माणूस गपच व्हतंय, मालक."

हेमचंद्राच्या हातातला फोन गरम झाला होता. तो वास... होता की. पहिल्या वर्षी होता. पुढे कधी येईनासा झाला? की यायचा आणि आपण घेईनासे झालो? आता हा लेकाचा पहिल्याच फटक्यात तो वास घेऊन वर आला, आणि फोनवर सांगतोय.

"लाकूड बरं हाय ना?" कडूबानं विचारलं.

"बरं आहे."

"पानी?"

"आहे की."

इतकं सोपं होतं. एखादं खोटं बोलायला घसा कोरडा पडावा, तसंही झालं नाही.

"मग झालं. मालक, येक सांगायचं व्हतं. जहाज सोडायच्या दिवशी तुम्ही या. मी सायबाला सांगून ठिवलंय, आमचे मालक येणार म्हणून. काठावर ठेकेदारानं हुभं राहायचं असतं ना, तिथं तुम्ही ऱ्हावा. मी काय तिथं शोभायचो नाय. मी आत दांड्यापाशी बसून पानी किती झिरपतंय ते बघतो. या, मालक. नाय म्हणू नका."

"बघू," हेमचंद्र म्हणाला, आणि तीन मिनिटं संपली, लाइन तुटली.

काठावर... पाणी सोडतात तेव्हा आधी नुसता आवाज येतो, तळातून, मग ते पसरतं, काळं, फेसाळ, ठोकळ्यांवर चढतं, जहाजाच्या पोटापर्यंत येतं, आणि सगळे गप्प होतात. अधिकारी, खलाशी, हमाल. आणि मग एक क्षण असतो, कुणी हात लावत नाही, कुणी हुकूम देत नाही, आणि ते एवढं धूड ठोकळ्यावरून सुटतं. किंचित हलतं. उठतं. त्या क्षणासाठी मी वर्षभर हौद भरायचो. पैसा म्हणाल तर पंपाच्या बुशमध्येही मिळतो. पण दुष्काळी गावातला एक माणूस तिथं उभा असायचा आणि समुद्र आत यायचा, आणि त्याला वाटायचं, ह्यात माझं काही आहे. ती जागा कडूबानं घेतली होती. आणि आता ती तो परत देत होता, बसायला पाट द्यावा तशी, स्वतः खाली आत बसून! घेतली तेव्हा जेवढा राग आला नव्हता तेवढा देताना आला. चोर असता तर बरं झालं असतं. चोराचा राग करून माणूस मोकळा तरी होतो.

आणि पट्ट्या तडकल्या तर? हे त्यानं आता पहिल्यांदा शब्दांत आणलं. तडकल्या तर गोदीचा अधिकारी त्या घेणार नाही, दुसरं लाकूड मिळेस्तोवर जहाज ठोकळ्यावर अडकून पडेल, मागची जहाजं खोळंबतील, भुर्दंड ठेकेदारावर आणि ठेकेदाराचं नाव काळ्या यादीत, म्हणजे पुन्हा कधीही नाही. मग पुढच्या वर्षी निविदा निघेल आणि कुणाचं नाव वाचलं जाईल... कुणाला काही कळणारही नाही. नळ नव्हता, बोअर आटली, ऊन होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सगळं खरं होतं. ह्यात त्यानं काही करायचंच नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं, आणि सकाळपासून तो तेच करत होता.

तो उठला.

हौदाशी आला तेव्हा ऊन कलतं होतं, तरी सिमेंट पायाला पोळत होतं. आतल्या भिंतीवर पांढरी रेघ, रेघेखाली वाळलेलं शेवाळ, त्याच्याखाली पाणी. वरच्या थराच्या पट्ट्या उघड्या. ओल्या असताना त्या काळ्या दिसतात, आता त्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि गोणपाट वाळून कडक होऊन एका बाजूला सरकलं होतं. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून संध्याकाळचं मुंबईचं विमान उठलं आणि डोक्यावरून गेलं. हेमचंद्राला वाटलं, बघावं किती वेळ उभं राहवतं आपल्याला. तो उभा राहिला. आणि त्याच्या ध्यानात आलं की उघड्या पट्ट्यांकडे बघताना त्याचा स्वतःचा घसा सुकतोय, जीभ टाळूला चिकटतेय... इतक्या वर्षांची सवय, लाकूड कोरडं दिसलं की जीव वर यायचाच. त्या लाकडाला काय ठाऊक ते कुणाचं आहे.

"फकिरा," त्यानं हाक मारली. "टँकर सांग. आत्ताच्या आत्ता."

फकिरा कोपऱ्यातच होता. "सांगितलाय, मालक," तो खाली बघत म्हणाला. "फाटकाशी हुभा हाय. तुम्ही म्हणल्याबिगर आत कसा घ्यायचा म्हणून थांबीवला व्हता."

म्हणजे फकिराला कळलं होतं. किती कळलं होतं? हेमचंद्रानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

नळी त्यानं स्वतः धरली. पाणी पडलं तसा तापलेल्या सिमेंटचा आणि लाकडाच्या तेलाचा वास उठला, गोडसर, जुना. पाणी पट्ट्यांवर चढलं, राखेचा रंग गेला, काळा आला, आणि बघता बघता सगळं पूर्वीसारखं झालं. वरून बघणाऱ्याला आजचा दिवस झालाच नव्हता. टँकर गेला. फकिरा दिवा लावायला गेला. हेमचंद्रानं बाही वर केली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. दाबू नको, नुसतं फिरव.

पहिली पट्टी गुळगुळीत होती. दुसरीवर, मध्याच्या थोडं पुढे, काहीतरी होतं. एक रेघ. केसाएवढी. लाकडाची शीर असेल, ह्या लाकडाला अशा शिरा असतात, किंवा नसेल. तो बोट मागे घेऊन पुन्हा त्याच जागी आला. इतक्या वर्षांत त्यानं कधी एका जागी दुसऱ्यांदा बोट फिरवलं नव्हतं. शीर म्हणावी तर चीर वाटत होती, चीर म्हणावी तर शीर. डोळे मिटले. मिटल्यावर तर काहीच कळेना, कारण आता त्याला ऐकू येत होतं की आत कुणीतरी म्हणतंय, असू दे, असू दे, आणि ते शीर असू दे म्हणतंय की चीर, हे त्याला सांगता येत नव्हतं.

उद्या कडूबा येईल, ह्याच हौदाशी वाकून विचारेल, मालक, बोट फिरवलं का? आणि आपण जे सांगू ते तो मानेल. स्वतः हात घालून बघणारसुद्धा नाही.

पाणी हळूहळू गार होत होतं. हेमचंद्र हात बाहेर न काढता, त्या रेघेवर बोट ठेवून, तसाच वाकून राहिला.